नाव घेऊन सांग

“थांब, थांब! बातमी अशी सांगतात का रे?” मॅडमनी हात वर केला. “‘एक वाईट बातमी आहे’ म्हणून गप्प बसलास, तर समोरच्याचा जीव टांगणीला लागेल. जा, पुन्हा दारातून ये.”

तरुण अधिकारी मुकाट्याने बाहेर गेला.

परदेशात आपल्या माणसाचं काही बरंवाईट झालं, की घरच्यांना सांगायचं काम परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्यांचं. ते शिकवावं तर मॅडमनीच. खरी बातमी द्यायला जाण्याआधी त्यांचे जुने विद्यार्थीसुद्धा इथे तालीम करून जायचे. मॅडम कधी आई व्हायच्या, कधी बायको, आणि चुकलं की फैलावर घ्यायच्या.

एरवीच्या तालमींत त्यांचा परदेशात शिकणारा टिल्लू ठरलेला. पासपोर्ट हरवायचा टिल्लूचा, पोलीस धरायचे टिल्लूला. सहा फुटी दांडगा झाला तरी टिल्लूच. “आई, अजून किती वेळा तुरुंगात टाकणारेस?” असं तो फोनवर विचारायचा.

अधिकारी परत आला. दार लोटून घेतलं. पाण्याचा ग्लास मॅडमसमोर ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली.

“शाब्बास! कोण आहे मी आज?”

“आई,” तो कसाबसा म्हणाला.

आपला हा पठ्ठ्या एवढा गळपटलेला मॅडमनी कधी पाहिला नव्हता. त्यांना त्याची कीव आली.

“हे बघ, त्या माउलीला तुझा शब्दन् शब्द जन्मभर आठवणार आहे. म्हणून नीट सांगायचं. तुला जमेल. मी शिकवलंय तुला! हं, बोल.”

“घरी आज तुमच्या सोबतीला कोणी आहे?”

“बहीण आलीय. वा! हे विचारायचं कुणाच्या लक्षात राहत नाही हं. पुढे?”

“काल गाडीला अपघात झाला. तुमचा मुलगा त्यात... वारला.”

“नाव?” मॅडमनी टेबलावर बोट आपटलं. “नुसतं ‘मुलगा’ म्हटलंस, तर आईला वाटतं, दुसऱ्या कुणाचा असेल. वेडी आशा असते रे ती. घरात हाक मारतात ते नाव घेऊन सांग.”

त्याचे ओठ हलले.

“टिल्लू.”

“ए गाढवा!” मॅडम कडाडल्या. “मरणाच्या तालमीत त्याचं नाव घ्यायचं नाही, विसरलास माझा नियम?”

त्याने त्यांचा हात घट्ट धरला.

“मॅडम, मी तालमीला आलेलो नाही.”