आणखी थोडा गडद

घानातल्या आमच्या कुमासीत शनिवार म्हणजे मयतीच मयती. आजची ही माझी तिसरी. मंडपातल्या पडद्यावर गेलेल्या माणसाचे फोटो दाखवायचे, एवढंच माझं काम. घरच्यांची मागणीही ठरलेली: आमचं माणूस जरा उजळ दिसू दे. म्हणून प्रोजेक्टरचा ब्राइटनेस आधीच वाढवून ठेवतो. आज मात्र म्हातारे ओपोकू काठी टेकत माझ्यापाशी आले. “पोरा, माझ्या बायकोचा रंग गडद कर.” केला. “आणखी.” त्यांची मुलगी तरातरा आली. “बाबा, चारचौघांत आईला काळी काय करताय? तीस वर्षं क्रीम चोळून गोरी झाली होती ती!” ओपोकूंची नजर पडद्यावरून हलली नाही. “आणखी थोडा.” पाय दुखत होते, वाद घालायचं त्राण नव्हतं, बटण दाबत राहिलो. चेहरा शिसवासारखा काळा झाला, तेव्हा ते पुटपुटले, “हीच. लग्नानंतर हिला क्रीमची पहिली डबी मीच आणून दिली.”