कपिलधारवरची टेहळणी

फाल्कनच्या ग्रहापुढची चांदणी दहाच्या ठोक्याला विझली.

मोहरीएवढी पिवळी चांदणी. ग्रहाच्या नावापुढे ती दिसली, की त्याचा मालक आत्ता पडद्यासमोर बसला आहे, असं त्या खेळात समजायचं. मागच्या आठवड्यात ती दुपारी दोनला विझायची, त्याआधी भल्या सकाळी. आठवडा बदलला की वेळ बदलत होती. फाल्कन नाव घेतलेल्या त्या खेळाडूने आपला देश जर्मनी लिहिला होता. बीडच्या कॅफेत जनरेटरच्या घरघरीत रुद्राणी पडद्याकडे बघत राहिली. जर्मनीत लोडशेडिंग नसतं.

खेळ अवकाशातला. जगभरातली माणसं त्यात ग्रह घ्यायची, धातू खणायची, जहाजं बांधायची आणि एकमेकांना लुटायची. रुद्राणी लुटत नसे. ती तिच्या गटाची हेर होती. तिची टेहळणी यानं शत्रूच्या ग्रहावरून फिरून यायची आणि तिथे किती जहाजं, किती तोफा, ते सांगायची. त्यात एकच खोट होती. हेर आला की समोरच्याला निरोप जायचा, पाठवणाऱ्या ग्रहाच्या नावासकट. रुद्राणीच्या ग्रहाचं नाव कपिलधार. चौसाळ्याचं तिचं घर दरवर्षी मन्मथस्वामींच्या दर्शनाला जायचं, तेच कपिलधार.

असा निरोप मिळाल्यावर फाल्कनने स्वतःहून तह मागितला होता, इंग्रजीत. डोन्ट टेक टेन्शन. माय वर्ड इज फायनल. तू तोफा मोड, तो धातू खाणींना लाव, राखण मी करतो. तिने तोफा मोडल्या. शनिवारी त्याने तिचा ग्रह धुऊन नेला.

लुटीपेक्षा तिला तो 'टेन्शन' शब्द जास्त खुपला. तोही जर्मनीचा वाटत नव्हता.

त्याच संगणकावर गेल्या आठवड्यात तिने दुसरं काही पाहिलं होतं. पुण्याला एम.एस्सी.ला तिचा नंबर लागला होता. सोमवारी हजर व्हायचं होतं. घरी सांगायचं रोज उद्यावर जात होतं, आणि काल वडिलांनीच, अप्पांनी, तिला सांगून टाकलं होतं, "उद्या बीडला जाऊन ये, पुस्तकं परत कर. परवा दिंद्रुडचे पावणे येणार. त्याच्यानंतर बीड बंद."

दुसऱ्या दिवशी पाहुणे तिला बघायला आले. मुलगा महांतेश, त्याचे मामा. आईने, जगदेवीने, मुरमुऱ्यांची सुशीला केली होती. रुद्राणीने बशा दिल्या आणि पाटावर बसली.

"उशीर झाला बघा," मामा अप्पांना म्हणाले. "या आठवड्यात दहाला लाईट जाते आमची. गेल्याबिगर हा दुकानातल्या काम्पुटरवरून उठतच न्हाई. लाईट गेली की हा माणसात येतो."

सगळे हसले. रुद्राणीने मान वर केली.

"गेल्या आठवड्यात दोनला जायची का?" तिने विचारलं.

"हां, दोनला. तुमच्याकडं बी तीच टायमिंग का?"

"न्हाई," रुद्राणी म्हणाली.

जगदेवीने तिच्याकडे डोळे मोठे केले. मुलीने वेळा विचारायच्या नसतात, रंग आणि स्वयंपाक पाहुण्यांनी विचारायचा असतो.

अप्पांनी घसा खाकरला. "पोरगी हुशार हाय. पुढं शिकायचं म्हणती. तेवढं बघा म्हणजे झालं."

महांतेशने पहिल्यांदा तोंड उघडलं. आवाज मऊ होता. "शिक्षणाचं टेन्शन घेऊ नका. माझा शब्द फायनल. सध्या ते बीडला येणं-जाणं, पुण्याबिण्याचे विचार तेवढे सोडून द्या. आदी लग्न होऊ द्या, मग मी शिकवतो."

"बघा," मामा म्हणाले. "अजून काय पायजे?"

अप्पांचा चेहरा सैल झाला. रुद्राणीला मात्र एकदम शांत वाटलं, प्रयोगात सुई अपेक्षेच्या आकड्यावर येऊन थांबावी तसं. तरी एक पडताळा राहिला होता.

"कपिलधारवर तुमीच आलता ना," ती म्हणाली, "शनिवारी?"

"शनिवारी गेलतास व्हय दर्शनाला?" मामा भाच्याकडे वळले. "बोलला न्हाईस ते."

"चांगलं हाय की," अप्पा म्हणाले. "आजकालची पोरं कुठं जात्यात."

महांतेशच्या हातातली बशी कलली. सुशीलाचे दोन-चार मुरमुरे सतरंजीवर सांडले. ते त्याने वेचले नाहीत.

"ते... तुमी होता?" तो हळूच म्हणाला.

"नाव तर ओळखीचं होतं ना?"

"होतं. मला वाटलं, बीडचं कुणी पोरगं असंल." तो कसंनुसं हसला. "खेळ हाय वं तो. त्यात कोण शब्द पाळतंय."

"मी पाळला," रुद्राणी म्हणाली. "तोफा मोडल्या मी."

"कसल्या तोफा?" मामांनी विचारलं.

"रुद्राणी, आत जा," जगदेवी म्हणाली.

ती उठली, पण आत गेली नाही. पदर खांद्यावर नीट केला आणि महांतेशकडे पाहून म्हणाली, "या बारीला तोफा मोडणार न्हाई."

मग ती वडिलांकडे वळली. इतके दिवस उद्यावर गेलेलं वाक्य तोंडात तयारच होतं.

"अप्पा, पुण्याला एम.एस्सी.ला माझा नंबर लागलाय. सोमवारी मी चालले."