परड्यातली कोठी

घरपट्टीचा साहेब टेप घेऊन दारात उभा राहिला, तसं बाळासोचं घर आकसायला लागलं.

"ह्यो आमचा माळा, साहेब," बाळासो माडीकडं बोट दाखवून म्हणाला. बहात्तरच्या दुष्काळात चढ्या दरानं ज्वारी विकून बांधलेली माडी. दोन खिडक्या, हिरवा रंग, वर पंखा गरगरतोय. पण म्हणे माळा. जिन्याखाली पोरगा अभ्यासाला बसतो, ती खोली झाली फडताळ. थोरलीच्या सोयरिकीला पावणे आले होते तेव्हा ह्याच माणसानं शेणींची खोपी बैठकीची खोली म्हणून दाखवली होती. पावण्यांपुढं घर फुगवायचं आणि सरकारपुढं आवळायचं. मिशीला पीळ मात्र दोन्ही वेळी तेवढाच.

"आणि मागं काय?" साहेबानं विचारलं.

"मागं परडं. एक कोठी हाय, अडगळीची. काय बघायचंय तिथं?"

"बघतो की."

त्या कोठीत कुलसुम होती. उद्यमनगरात फौंड्रीत जाणाऱ्या दिलदारची बायको. दोघं वर्षभर तिथं भाड्यानं राहत होती. कुलसुम पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. सकाळीच बाळासोनं तिला बजावलं होतं, "साहेब जाईस्तवर आत गप बसायचं. खोकायचंसुद्धा न्हाय. भाडेकरू घावला की पट्टी वाढती. वाढली, की तुम्ही दुसरी जागा बघायची." एवढं सांगून त्यानं बाहेरून कडी घातली.

दुसरी जागा. ही मिळवायला दिलदारनं अख्खी मंगळवार पेठ पालथी घातली होती. रिकामी खोली त्याचं नाव ऐकलं की भरलेली निघायची. आता बाळंतपण तोंडावर आलं असताना कुठं जायचं? म्हणून कुलसुम पदर तोंडात धरून अंधारात बसली होती. दाराच्या फटीतून तिला सगळं दिसत होतं.

परड्यात बाळासोची बायको शालूबाई लसूण सोलत होती. नवरा आणि साहेब समोरून गेले तरी तिनं मान वर केली नाही.

"काय ठेवता ह्यात?" साहेब कोठीपुढं थांबला.

"मोडकं पिंप, फुटकी कणगी, लाकूडफाटा. माणूस शिरंल असली जागा न्हवं ती."

आत कुलसुमच्या पायाला ताटली लागली आणि वाजली.

"कोण आहे आत?" साहेबानं विचारलं.

"उंदरं," बाळासो म्हणाला. "लई माजल्यात."

वा रे गडी. ईदेला जिच्या हातचा शिरखुर्मा दुसऱ्यांदा मागून खाल्ला, ती उंदीर झाली.

साहेब हसला नाही. त्याचं लक्ष दोरीवर वाळत घातलेल्या बारक्या कपड्यांकडं गेलं होतं. "हे कुणाचे?"

"चिंध्या हो. पुसायला ठेवल्यात." साहेबाची खात्री पटावी म्हणून बाळासोनं त्यातलं एक खसकन ओढलं, खुर्चीवरची कोंबडीची शीट पुसली आणि खुर्ची पुढं सरकवली. "बसा, साहेब."

शालूबाईचा लसूण सोलणारा हात थांबला.

चिंधी कसली, झबलं होतं ते. जन्मल्या बाळाला नवं कापड घालत नाहीत. म्हाताऱ्या माणसानं नेसून नेसून मऊ केलेलं लुगडं फाडतात आणि त्याची झबली शिवतात, म्हणजे त्या माणसाचं आयुष्य पोराला लागतं. कुलसुमला आई नाही, सासू नाही. मग शालूबाईनंच ट्रंकेतलं एक लुगडं काढून तिला दिलं होतं. ते शालूबाईच्या सासूचं होतं. नव्वदी गाठून गेलेली बाई. ज्या पदराला तोंड पुसून हा बाळासो लहानाचा मोठा झाला, तो पदर त्याला ओळखूसुद्धा आला नाही.

कोठीतून आवाज आला.

"साहेब, उंदीर बोलतोय. भाईरनं कडी हाय, तेवढी काढा."

साहेबानं कडी काढली. कुलसुम पदर सारखा करत बाहेर आली. उन्हानं तिचे डोळे मिटत होते. तिनं सरळ जाऊन बाळासोच्या हातातलं झबलं काढून घेतलं.

"काका, तुमच्या आईचं लुगडं हाय ह्ये," ती म्हणाली. आवाज तिनं चढू दिला नाही.

बाळासोनं बायकोकडं बघितलं. शालूबाई उठली. तिनं कुलसुमच्या हातून झबलं घेतलं आणि ते धुवायला दगडाकडं गेली.

"तुम्ही राहता इथं?" साहेबानं विचारलं.

व्हय म्हटलं की जागा गेली, हे कुलसुमला पक्कं ठाऊक होतं.

"व्हय," ती म्हणाली.

बाळासोचं तोंड पडलं, पण जीभ कुठली पडतीय. "परकी न्हवं ही, साहेब. भाडंबिडं काय न्हाय. आमची लेकच म्हणा की." मघाच्या उंदराची लेक करायला त्याला आवंढासुद्धा गिळावा लागला नाही. असल्यांना लाज कुठून यायची?

"लेकीला भाईरनं कडी लावत्यात व्हय, काका?" कुलसुम म्हणाली.

बाळासोनं खुर्ची पुन्हा जरा पुढं सरकवली. साहेब बसला नाही. टेप उलगडत तो कोठीच्या उंबऱ्याशी आला, वाकून पायातले बूट काढले, बाजूला ठेवले आणि मग आत गेला.