घरट्याची जागा

“माफी मागायला आलात की जागा विचारायला?” पंपावरच्या बाईंनी फाटक न उघडताच विचारलं.

“माफीच मागायला, ताई,” चष्मेवाला म्हणाला. भर दुपारी दुकानाला कुलूप घालून, दोन बस बदलून तो आला होता. तीन आठवड्यांच्या भांडणानं त्याचा पार चोथा झाला होता. धड झोप नाही, जेवणावर मन नाही. गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावावी, तर ती यालाच दिसेनात.

भांडण मोबाइलवरचं, पक्षी बघणाऱ्यांच्या गटातलं. पाणीपुरवठ्याच्या पंपावर काम करणाऱ्या या बाईंनी एक धूसर फोटो टाकला होता. गुंजडोळ्या! गवतात गवत होऊन बसणारा, लाल डोळ्याचा, वीस वर्षांत इकडे कुणालाही न दिसलेला पक्षी. आणि मादी चक्क अंड्यांवर बसलेली. चष्मेवाल्यानं पुरावा मागितला. बाईंनी जागा सांगायचं नाकारलं. शब्दानं शब्द वाढला. जिभेला हाड नसतं म्हणतात. बोटांना असतं, तरी त्याची बोटं तशीच सैल सुटली. ‘मुळात नसलेली जागा खोटारड्या माणसानं सांगायची कुठून?’ त्यानं लिहिलं. नव्वद जणांनी त्याखाली अंगठे उठवले. तेव्हा एका शनिवारी बाईंनी जागा सांगून टाकली. लांबच्या जुन्या खाणीतलं तळं. रविवारी पहाटे साठ माणसं दुर्बिणी घेऊन तिथं हजर. तळ्यात बेडूकसुद्धा नव्हता.

मग बाई गप्प झाल्या आणि गटाला तोंड फुटलं. त्यांच्या अकरा वर्षांच्या साऱ्या नोंदी यादीतून खोडून टाकायच्या, असं घाटत होतं. आज संध्याकाळी कौल लागायचा होता. एवढं काही चष्मेवाल्याला नको होतं. भांडायचं होतं, जिंकायचं होतं. कुणाला पुसून टाकायचं नव्हतं.

“मी हे टाकणार आहे. आधी तुम्ही बघा.” त्यानं गजांमधून मोबाइल पुढं केला.

बाईंनी हात लांब करून वाचलं. ‘माझे शब्द चुकले. बाई खोटं बोलल्या नाहीत. त्यांची नजरचूक झाली असावी.’

“नजरचूक,” बाई म्हणाल्या. “धंद्याला शोभेल असंच लिहिलंत हो.” त्या हसल्या, पण हसण्यात जीव नव्हता. थोडा वेळ त्या त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कडी काढली. “चपला हातात घ्या. आणि खोकला आला तर गिळा.”

पंपघराच्या मागं वापरातून गेलेली एक टाकी होती. तिच्यात गाळ साचला होता, गाळावर गवत माजलं होतं. काठावर एक पालथी बादली. तिथं बसून बाई रोज डबा खात. त्यांनी त्याला बादलीवर बसवलं आणि बोट दाखवलं. त्याला काही दिसेना. गवताच्या आत गवत, गवताच्या आत सावली, सावलीच्या आत एक लाल ठिपका. ठिपका मिटला. पुन्हा उघडला.



दोघं पंपघरात परत आले. “मग ती खाणीतली जागा?” त्यानं विचारलं.

“खोटी. तुम्ही खोटारडी म्हणालात, तोवर मी नव्हते. मग झाले.”

“मी आत्ता लिहितो. मी स्वतः पाहिला म्हणून लिहितो!”

“लिहा की. उद्या साठ माणसं या फाटकाशी.” बाई स्टुलावर टेकल्या. “मागच्या साली ओढ्याकाठच्या घरट्याचं काय झालं, विसरलात? गर्दी तिथं पोचायच्या आधीच कुणीतरी गुपचूप, एकटंच, पार घरट्याला भिडलं. फोटोच्या हव्यासापायी. पाखरू उडालं ते आलंच नाही. चार अंडी थंडगार. कोण होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.”

“पण ताई, तुमची अकरा वर्षं…”

“गेल्या तर माझ्या नोंदी जातील. अंडी गेली तर तिचं सगळंच जाईल.”

चष्मेवाल्यानं चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं कितीतरी वेळ पुसला. पंप एका सुरात घुमत होता. मग त्यानं आधीचं सगळं खोडलं आणि नव्यानं लिहायला घेतलं. एकदाही न थांबता लिहिलं, पाठवलं आणि मोबाइल बाईंच्या हातात दिला.

‘बाई खऱ्या आहेत. घरटं खाणीतल्या तळ्यावरच होतं. शनिवारी संध्याकाळी मी कुणाला न सांगता एकटाच तिथं गेलो. फोटोसाठी पार जवळ गेलो. पाखरू उडालं, परत आलं नाही. मी तोंड मिटून बसलो आणि तुम्ही बाईंना बोल लावलात. त्यांच्या नोंदींना हात लावू नका. तिथं आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही.’

बाईंचं वाचून होतंय तोवर मोबाइल हातात गांधीलमाशीसारखा गुणगुणू लागला. ‘लाज कशी वाटत नाही?’ ‘थू तुमच्यावर!’ ‘बाई, आम्हाला माफ करा.’ ‘काढा या माणसाला.’ आणि पाचव्या मिनिटाला त्याला गटातून काढलंसुद्धा.

“अहो, हे काय करून बसलात!” बाई उठून उभ्याच राहिल्या. “धादांत खोटं! माझ्यासाठी स्वतःच्या तोंडाला काळं कशाला फासून घेतलंत?”

चष्मेवाल्यानं मोबाइल त्यांच्या हातातून घेऊन खिशात टाकला. तो इतका दमलेला दिसत होता, की बाईंनी नकळत स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

“त्यातली जागा खोटी आहे, ताई, आणि साल खोटं आहे,” तो म्हणाला. “बाकीचं खरं आहे.”