तांदळातलं नाव

मी वांगणीची तुळशी. "जुनाट वाटतं" म्हणून लग्नात सासरच्यांनी दिपेशच्या हातून तांदळाच्या ताटात माझं नाव तेजस्वी लिहून घेतलं. मला कुणी विचारलंच नाही.

दिपेशचा अंबरनाथला लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. प्रत्येक लग्नाचे फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायला तो लिनक्सच्या काळ्या स्क्रीनवर तीच लांबलचक कमांड टाइप करत बसायचा आणि एक अक्षर चुकलं की घर डोक्यावर घ्यायचा. शेवटी बीएस्सी आयटीला शिकलेलं आठवून मी सगळी कमांड एका शब्दात बसवली. तेवढा शब्द टाइप केला की फोटो आपोआप कॉपी.

"कसला भारी शॉर्टकट! नाव काय दिलंस त्याला?"

"माझं."

एकदम खूश झाला. 'तेजस्वी' टाइप करून त्याने एंटर मारला. मग पुन्हा मारला.

"अगं, अशी कमांडच नाही म्हणतोय हा."

"बरोबर म्हणतोय."

"म्हणजे? तूच तर म्हणालीस, तुझं नाव दिलंय."

 

"ते तू ठेवलेलं. माझं टाक."