काखेतली शिवण

"चौघांना पाठमोरे उभे करा," मास्तर म्हणाले.

चौकशीच्या खोलीत हशा पिकला. ओळखपरेडीत तोंड बघायचं असतं, पाठ नव्हे. पण तोंड बघून तरी काय मिळणार होतं? चारही पोलीस त्या दिवसासारखेच उभे होते. डोक्यावर हेल्मेट, काच खाली, छातीवर नावाची पट्टी नाही. रस्ता मोकळा करायच्या नावाखाली त्यांच्यातल्या एकाने मास्तरांना शिलाई मशीनवरून ओढून बाहेर काढलं होतं आणि काठीने त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. तीन महिने झाले, कागदावर मारणारा अजून ‘अज्ञात कर्मचारी’च होता. आज ओळख पटली नाही तर फाइल बंद होणार होती.

"करा पाठमोरे," चौकशी अधिकारी बाई म्हणाल्या. त्या एकट्याच हसल्या नव्हत्या.

चौघे वळले. मास्तर जवळ गेले आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. सगळे त्यांचेच शर्ट! दुकान चौकीच्या समोरच. वीस वर्षं त्या चौकीच्या अंगावर दुसऱ्या कुणाच्या हातची शिवण चढली नव्हती.

"हा डावा खांदा उतरता. आत पट्टी घातलीय मी. नमस्कार, हवालदार."

"नमस्कार, मास्तर," हेल्मेटमधून उत्तर आलं आणि हवालदारांनी जीभ चावली.

"मास्तर, ओळख हवीय. कौतुक नको," बाई म्हणाल्या.

"बाई, चेहरा मी पाहिलाच नाही, खोटं कशाला बोलू? पण काठी उगारली तेव्हा उजव्या काखेत शिवण टरकली, ती या कानांनी ऐकली. पहिल्याच दिवशी जबाबात सांगितलंय."

बाईंनी पानं उलटली. ओळ होती. तीन महिने ती कुणी वाचली नव्हती, किंवा वाचून हसण्यावारी नेली होती.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," मागच्या बाकावरून मास्तरांची बायको पुटपुटली. तिचं पुटपुटणं दारातल्या शिपायालाही ऐकू गेलं.

"हात वर करा," बाई म्हणाल्या.

हे वाक्य दुसऱ्याला सांगायची त्या चौघांना सवय. आपल्याला सांगितलंय हे कळायलाच एक क्षण लागला. मग तिघांचे हात वर गेले. चौथ्याचे खांद्यापाशी अडले.

"पूर्ण वर."

गेले. उजव्या काखेत जाडेभरडे, वेडेवाकडे टाके होते. गडद कापडावर पांढरा दोरा.

"हे कुणी शिवलं?"

"मीच. घरी."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी. काय करणार, मास्तरांचं दुकान बंद होतं."

"का बंद होतं?" बाईंनी विचारलं.

चौथं हेल्मेट खाली झुकलं. त्या दिवशीच्याच कपड्यांत या, असा हुकूम होता. आणि गुपचूप बदलायचा म्हटला तरी नवा शर्ट शिवणार कोण? शिंप्याचं मनगट तर त्यानेच मोडून ठेवलं होतं.

"फिटिंगवाले साहेब," मास्तर हळूच म्हणाले. त्यांना राग यायला हवा होता, पण आधी वाईट वाटलं ते शर्टाचं. "म्हटलं होतं मी, काखेत जरा सैल ठेवतो, हात वर करायला लागतो. तर म्हणाले, हात चोर वर करतात."

"काच वर घ्या," बाई म्हणाल्या. "नाव सांगा."

साहेबांनी मान झटकून काच वर केली आणि नाव सांगितलं. कारकुनाने ‘अज्ञात कर्मचारी’वर रेघ मारली आणि वर ते नाव लिहिलं. हुद्द्यासकट, पूर्ण.

"यांच्यावर खटला उभा राहील," बाई म्हणाल्या. "वाचून दाखवा."

कारकुनाने वाचलं.

"भाऊ, परत एकदा वाचा ना," मास्तरांची बायको म्हणाली.

कारकुनाने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्याने परत वाचलं.

"यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं. जरा मोठ्याने."

"अगं, मला चांगलं ऐकू येतं," मास्तर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!"

कारकुनाने घसा साफ करून तिसऱ्यांदा वाचलं, शाळेत कविता म्हणावी तसं. मास्तरांना हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. तीन महिन्यांत इतकं हलकं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. बायकोने त्यांचं दुखरं मनगट दोन्ही हातांत धरलं. हवालदारांचं हेल्मेटही गदगदा हलत होतं.

बाईंनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि वर पाहिलं.

"बाकीच्या तिघांनी हात खाली घ्या."