मावशी

हे लिहिणारच नव्हतो. टाइप करायचो, पुसून टाकायचो.

गोष्ट झाशीतली, बरीच जुनी. सीपरी बाजारात राहणाऱ्या दत्तात्रेयची बहीण कमळा चौथ्या बाळंतपणात गेली. बाळही गेलं. इथे मराठी स्थळं मिळतात कुठे, म्हणून वडिलांनी, आबांनी, तिला आठवीतूनच शाळा सोडवून दत्ताच्या जिवलग दोस्ताला, गुरसरायच्या विद्याधरला दिली होती.

तेराव्याला दत्ता सगळ्यांसमोर आबांवर उखडला.

"शिकू दिलं असतं तर 'आता पुरे' म्हणायची हिंमत तरी आली असती तिला! अंबिकेचं असं होऊ देणार नाही मी. बी.ए. करेल ती, मग लग्नाचं बघू."

आबा मान खाली घालून बसले. शेजारची पंडिताइन म्हणाली, "बड़ी समझदारी की बात कही, दत्ता भैया!" कॉलेजात शिकणारी धाकटी बहीण अंबिका पंगतीत वाढत होती. तिने पदराने डोळे पुसले.

जेवणं उरकल्यावर विद्याधरने दत्ताला बाजूला घेतलं. खांद्यावर धाकटी पोर झोपलेली.

"तीन पोरी पदरात टाकून गेली रे. परकी बाई आणली तर छळेल यांना. सख्खी मावशी ती मावशीच. आणि मुलगा तर अजून झालाच नाही."

बोलता बोलता तो रडायलाच लागला. दत्ताला बघवेना. त्याने दोस्ताचा हात हातात घेतला.



"रडू नकोस यार. उद्याच कॉलेजात जाऊन अंबिकेचं नाव काढून घेतो."